सशुल्क प्रौढ प्लॅटफॉर्मचे सदस्यत्व: कायदा, पैसे आणि खाते बंद करण्याचा योग्य क्रम

महिन्याची वर्गणी भरून प्रौढांसाठीची चित्रे आणि व्हिडिओ पाहण्याचे प्लॅटफॉर्म आपल्याकडेही सहज उघडता येतात, आणि त्यांच्याबाबतीत होणाऱ्या चुका जवळजवळ ठरलेल्या असतात. आधी कार्डाचा क्रमांक भरला जातो, अटी नंतर कधीतरी वाचल्या जातात, कायद्याची आठवण कोणी धमकावल्यावर होते, आणि मोबाइलवरून चिन्ह काढून टाकले की सदस्यत्व संपले असे गृहीत धरले जाते. हा लेख १८ वर्षे पूर्ण झालेल्या वाचकांसाठी आहे. असे सदस्यत्व घ्यावे की नाही हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. मात्र ते घेण्याचे ठरले असेल, किंवा आधीच घेतलेले असेल, तर पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत, कारण यातील बहुतेक नुकसान क्रम उलटा झाल्यामुळे होते.

१. कायद्याची रेषा आधी समजून घ्या

प्रौढ व्यक्तीने प्रौढांचे संमतीने केलेले चित्रण स्वतःच्या खासगी जागेत एकट्याने पाहणे, एवढ्यावर भारतात सर्वसाधारणपणे गुन्हा होत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ संदर्भात असेच म्हटले होते: इतरांना न दाखवता, न पसरवता मोबाइलवर खासगीत पाहणे हा त्या कलमाखालील गुन्हा नाही. हा निकाल महाराष्ट्रातील किंवा गोव्यातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्यातील भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाहणे वेगळे आणि पसरवणे वेगळे.

पसरवण्याच्या बाजूला कायदा अतिशय कडक आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७ नुसार अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे यासाठी पहिल्या दोषसिद्धीला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे; लैंगिक कृतीचे उघड चित्रण असेल तर कलम ६७अ लागू होते आणि ही मर्यादा ५ वर्षे व १० लाख रुपये होते. ‘पाठवणे’ या शब्दात मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केलेला एक फॉरवर्डही येतो. आपण पैसे भरले आहेत म्हणून पाठवण्याचा अधिकार मिळतो, हा समज पूर्णपणे चुकीचा आहे.

अल्पवयीनांच्या बाबतीत पाहणे आणि पसरवणे हा भेदच उरत नाही. १८ वर्षांखालील व्यक्तीचे लैंगिक चित्रण शोधणे, पाहणे, डाउनलोड करणे किंवा जमवणे हे त्याच अधिनियमाच्या कलम ६७ब खाली येते, आणि ते बाळगणे पोक्सो कायद्याच्या (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा) कलम १५ खाली गुन्हा ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात याविषयी कसलीही सवलत ठेवलेली नाही.

सावधान: समोर आलेल्या चित्रणातील व्यक्तीच्या वयाबद्दल किंचितही शंका आली तर ते पान त्याच क्षणी बंद करावे. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट घेऊ नये किंवा ते जतन करू नये; फक्त खात्याचे नाव आणि पानाचा वेब पत्ता लिहून घ्यावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन) कळवावे. त्या पोर्टलवर अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते.

परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपल्या देशाचा कायदा वेगळा पाहावा. ब्रिटनमध्ये ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्टनुसार २५ जुलै २०२५ पासून अशा संकेतस्थळांना वयाची पक्की पडताळणी करावी लागते, त्यामुळे तिथे ओळखपत्र किंवा चेहऱ्याची तपासणी मागितली गेली तर तो घोटाळाच असेल असे नाही. अमेरिकेत टेक्सासच्या वयपडताळणी कायद्याला तेथील सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी मान्यता दिली, आणि अनेक राज्यांत असेच कायदे आहेत. आखातात नोकरीसाठी गेलेल्यांनी हा विषय टाळावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. संयुक्त अरब अमिरातीत अश्लील मजकूर पसरवणे तर गुन्हा आहेच, शिवाय गुन्हा करण्यासाठी व्हीपीएनने (इंटरनेटवरील आपले ठिकाण झाकणारी सेवा) आयपी पत्ता, म्हणजे आपल्या जोडणीचा ओळखक्रमांक, लपवणे हा २०२१ च्या सायबर कायद्यात स्वतंत्र गुन्हा असून त्याचा दंड किमान ५ लाख दिर्हम आहे. एका महिन्याच्या वर्गणीसाठी नोकरी आणि व्हिसा पणाला लावण्यात अर्थ नाही.

२. प्लॅटफॉर्म खरा आहे का, हे ठरवा

सर्वात परिचित उदाहरण ओन्लीफॅन्सचे आहे. ते २०१६ मध्ये लंडनमध्ये सुरू झाले, फेनिक्स इंटरनॅशनल ही कंपनी ते चालवते, आणि सदस्याने भरलेल्या रकमेतील ८० टक्के निर्मात्याला व २० टक्के कंपनीला जातात. येथे प्रत्येक निर्मात्याची वर्गणी वेगळी असते, ही गोष्ट आताच लक्षात ठेवावी. खाते बंद करताना ती पुन्हा लागेल.

गूगल प्ले आणि अ‍ॅपल अ‍ॅप स्टोअर यांच्या धोरणांत अश्लील मजकुराच्या अ‍ॅपना जागा नाही. म्हणून असे प्लॅटफॉर्म ब्राउझरमधून वापरले जातात, आणि ‘अधिकृत अ‍ॅप’ म्हणून टेलिग्रामवर किंवा जाहिरातीतून एखादी एपीके फाइल (स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणारी फाइल) मिळत असेल तर ती बनावट समजावी. अशी फाइल संपर्कयादी, फोटो आणि एसएमएस वाचण्याची परवानगी मागते; ती परवानगी दिल्यावर ओटीपी आणि नातेवाइकांचे क्रमांक दोन्ही समोरच्याच्या हाती जातात, आणि पुढे धमकी याच यादीच्या जोरावर दिली जाते.

भारतीय अ‍ॅपबाबत आणखी एक व्यावहारिक मुद्दा आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये १८ आणि जुलै २०२५ मध्ये उल्लू, एएलटीटी यांसह २५ प्लॅटफॉर्म बंद करण्याचे आदेश दिले. प्लॅटफॉर्म असा एकाएकी बंद झाला की वर्षभराची वर्गणी आधी भरलेल्यांची रक्कम अडकण्याचा धोका असतो. पाठोपाठ त्याच नावाचे ‘पुन्हा सुरू झाले’ असे सांगणारे दुवेही फिरू लागतात. म्हणून वार्षिक वर्गणी कधीही भरू नये, मग सवलत कितीही मोठी असो.

व्हीपीएनबद्दल थोडे. सामान्य नागरिकाने व्हीपीएन वापरण्यावर भारतात सरसकट बंदी नाही, पण त्यामुळे माणूस अदृश्य होतो हा समज सोडून द्यावा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षे जपून ठेवणे अपेक्षित आहे, आणि फुकटचे व्हीपीएन तुमचीच माहिती विकून चालत असण्याची शक्यता मोठी असते.

पडताळा: पत्त्याच्या पट्टीतील स्पेलिंग अक्षर न अक्षर वाचले का? अटींच्या पानावर कंपनीचे नाव, देश आणि तक्रारीचा पत्ता आहे का? निर्मात्यांचे वय व ओळख तपासली जाते असे तिथे लिहिले आहे का? तिन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर पुढील टप्प्यावर जाऊ नये.

३. खाते आणि पैसे यांची तयारी

नोंदणीसाठी वेगळा ईमेल पत्ता तयार करावा, पासवर्ड अन्यत्र वापरलेला नसावा आणि दोन-टप्पी पडताळणी सुरू करावी. नावात किंवा प्रोफाइल चित्रात गाव, कार्यालय, आडनाव येऊ देऊ नये. कार्यालयाचा संगणक, कार्यालयाचे वाय-फाय आणि कार्यालयाचा ईमेल यांपैकी काहीही वापरू नये. कायद्याने गुन्हा नसला तरी संगणक वापराच्या नियमांचा भंग म्हणून शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि सरकारी सेवेत असलेल्यांनी तर वर्तणूक नियम विसरूच नयेत.

आता पैशांचा भाग. येथे घाई केल्यास सर्वात जास्त मनस्ताप होतो, म्हणून क्रम असा ठेवावा.

पहिली गोष्ट, पगार जमा होणाऱ्या खात्याचे कार्ड वापरू नये. कमी मर्यादेचे किंवा मोजकीच रक्कम भरलेले प्रीपेड कार्ड घ्यावे, ज्यावर परदेशी व्यवहार चालतात. संयुक्त खाते किंवा वडिलांच्या क्रेडिट कार्डावरचे पुरवणी कार्ड टाळावे, कारण व्यापाऱ्याचे नाव स्टेटमेंटवर उमटते आणि ते मुख्य खातेदाराकडे जाते.

दुसरी गोष्ट, बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार फक्त पैसे भरण्यापुरते सुरू करावेत आणि त्यावर मर्यादा घालावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या सूचनांमुळे ही सोय प्रत्येक कार्डधारकाला मिळालेली आहे, पण ती वापरणारे थोडे. भारतातील ऑनलाइन व्यवहारांत ओटीपी विचारला जातो याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की परदेशी संकेतस्थळावर ओटीपीशिवायही रक्कम जाऊ शकते हे अनेकांना पैसे गेल्यावर कळते.

तिसरी गोष्ट, दाखवलेली किंमत अंतिम नसते. डॉलरमधील वर्गणीवर बँकेचा परकीय चलन अधिभार लागतो (बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के), त्या अधिभारावर जीएसटी लागतो, आणि परदेशातून ऑनलाइन पुरवल्या जाणाऱ्या डिजिटल सेवेवर भारतात १८ टक्के जीएसटी आहे. त्याखेरीज वर्गणी स्वस्त ठेवून खासगी संदेशांतील प्रत्येक चित्राचे वेगळे पैसे घेणे ही नेहमीची पद्धत आहे. महिन्याला किती खर्च करायचा तो आकडा आधी लिहून ठेवावा.

चौथी गोष्ट, स्वयंचलित नूतनीकरण. १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या ई-मॅन्डेट (कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप रक्कम घेण्याची ग्राहकाने दिलेली परवानगी) चौकटीनुसार नोंदणीकृत आवर्ती वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यायची असते आणि १५,००० रुपयांपर्यंतची वसुली पुन्हा ओटीपी न विचारता होऊ शकते. त्या सूचनेचा एसएमएस जाहिरात समजून पुसू नये. वसुली नाकारण्याचा मार्ग त्यातच दिलेला असतो.

सावधान: वय पडताळणीसाठी ओळखपत्र द्यावे लागले तर ते फक्त प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या पडताळणी पानावर द्यावे. चॅटमध्ये कोणी आधार, पॅन किंवा हातात ओळखपत्र धरलेली सेल्फी मागितली तर संवाद तिथेच थांबवावा.

४. सदस्यत्व चालू असताना

येथे नियम थोडे आहेत, पण ते मोडण्याचा मोह मोठा असतो. काहीही रेकॉर्ड करू नये, स्क्रीनशॉट घेऊ नये, कोणालाही पाठवू नये. चित्रणावर निर्मात्याचा कॉपीराइट असतो, आणि प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ मध्ये त्याच्या भंगासाठी ६ महिने ते ३ वर्षे कैदेची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ चे स्पष्टीकरण त्याहून महत्त्वाचे आहे: एखाद्या स्त्रीने खासगी चित्रणाला संमती दिली असली तरी ते तिऱ्हाइताला दाखवण्याला दिली नसेल, तर ते पसरवणे या कलमाखाली गुन्हा आहे. तिने ते पैसे भरणाऱ्या सदस्यांसाठी दिलेले असते. ग्रुपमधल्या मित्रांसाठी तिने संमती दिलेली नसते. पडद्यापलीकडे एक खरी व्यक्ती आहे, तिचे घर आहे, तिचीही माणसे आहेत, आणि हा मुद्दा कायद्याच्या भीतीखेरीजही पाळण्यासारखा आहे.

‘लीक झालेले’ संग्रह शंभर-दोनशे रुपयांत विकणारे टेलिग्राम चॅनेल याच कारणासाठी टाळावेत. त्यांत चोरलेले, संमतीविना पसरवलेले आणि अल्पवयीनांचेही चित्रण मिसळलेले असू शकते, आणि डाउनलोड झाल्यावर ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव फार दुबळा पडतो. व्हॉट्सअ‍ॅपमधील आपोआप डाउनलोड होण्याची सोयही बंद ठेवावी.

संवाद प्लॅटफॉर्मच्या बाहेर नेण्याची विनंती आली तर नकार द्यावा. ‘यूपीआयवर पाठवा, स्वस्तात मिळेल’ किंवा ‘व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करू’ ही वाक्ये फसवणुकीची सुरुवात असू शकतात; बाहेर दिलेल्या पैशांबाबत प्लॅटफॉर्म कसलीही मदत करत नाही.

५. सदस्यत्व बंद करण्याचा क्रम

आधी खात्यात जाऊन प्रत्येक निर्मात्याच्या वर्गणीचे नूतनीकरण एकेक करून बंद करावे. ओन्लीफॅन्ससारख्या ठिकाणी पाच जणांची वर्गणी असेल तर ती पाच वेळा बंद करावी लागते. त्यानंतर पुष्टीचे पान किंवा ईमेल जपून ठेवावा. मग कार्ड खात्यातून काढावे, बँकेच्या अ‍ॅपमधील ई-मॅन्डेटच्या यादीत जाऊन त्या व्यापाऱ्याचा आदेश रद्द करावा आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करावेत. पुढील दोन स्टेटमेंट तपासून वसुली थांबल्याची खात्री झाल्यावरच खाते कायमचे हटवावे. खाते आधी हटवले तर वसुली चालू राहिल्यास तक्रार करायला प्रवेशच उरत नाही.

आपण न केलेल्या व्यवहाराची वसुली दिसली तर बँकेला त्याच दिवशी लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही अशा प्रकरणात, सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. त्यानंतर ती वाढत जाते.

सावधान: स्वतः केलेला व्यवहार घरच्यांपासून लपवण्यासाठी ‘हा मी केलाच नाही’ अशी तक्रार बँकेकडे करू नये. ती खोटी तक्रार ठरते, आणि चौकशीत व्यवहाराची वेळ, आयपी पत्ता व उपकरण हे सर्व उघड होते.

६. निर्मिती करून कमावण्याचा विचार असेल तर

परदेशी प्लॅटफॉर्मवर कायदेशीर आहे म्हणजे भारतात बसून केलेली निर्मितीही कायदेशीर, हा तर्क टिकत नाही. कलम ६७अ मध्ये संमती, पैसे भरणारा मर्यादित प्रेक्षक किंवा परदेशी सर्व्हर यांच्यासाठी सरसकट अपवाद नाही, आणि ‘प्रसिद्ध करायला लावणे’ही त्यात येत असल्याने चित्रीकरण करणारा, संपादन करणारा आणि खाते सांभाळणारा हेही अडकू शकतात. पैसे भरून पाहण्याच्या अ‍ॅपसाठी अश्लील चित्रपट तयार केल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी २०२१ मध्ये गुन्हे नोंदवून अटका केल्या होत्या. त्याखेरीज भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ आणि स्त्रियांचे असभ्य प्रतिरूपण प्रतिबंध अधिनियम, १९८६ हेही लागू होऊ शकतात.

म्हणून फौजदारी वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय उघड लैंगिक चित्रण प्रसिद्ध करू नये. ‘मॅनेजर’ म्हणून पासवर्ड मागणाऱ्या, मूळ फाइल स्वतःकडे ठेवणाऱ्या किंवा को‍ऱ्या करारावर सही घेणाऱ्या एजन्सीला सरळ नकार द्यावा. उत्पन्न मिळालेच तर ते परदेशातून आले म्हणून करमुक्त होत नाही; विवरणपत्रात दाखवावेच लागते.

७. धमकी आली किंवा चित्रण पसरले तर

नेहमीचा प्रकार असा असतो: ओळख वाढवून व्हिडिओ कॉल केला जातो, तो रेकॉर्ड होतो, आणि काही मिनिटांत संपर्कयादीच्या स्क्रीनशॉटसह पैशांची मागणी येते. पहिली रक्कम दिल्यावर ‘सायबर पोलीस अधिकारी’ बनून दुसराच माणूस फोन करतो. पोलीस फोनवर प्रकरण मिटवण्याचे पैसे घेत नाहीत आणि ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही कारवाई कायद्यात नाही.

अशा वेळी पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून चॅट पुसू नये आणि फोन रीसेट करू नये, कारण तोच मुख्य पुरावा असतो. समोरच्याचा क्रमांक, प्रोफाइलचा पूर्ण पत्ता, यूपीआय आयडी, व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ) क्रमांक आणि धमकीचे संदेश यांचे तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट घ्यावेत. मूळ फोन जपावा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि ते देताना मूळ उपकरण उपयोगी पडते. हे झाल्यावर समोरच्याला ब्लॉक करावे आणि आपल्या सर्व खात्यांवरील मित्रयादी लपवावी.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वात जास्त असते. त्याच दिवशी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवून पोचक्रमांक घ्यावा. पोलीस ठाण्याने ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हटले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करावा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते. तक्रारीत खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८, धमकीसाठी त्याच संहितेचे कलम ३५१ आणि खासगी अवयवांच्या संमतीविना चित्रणासाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ई नमूद करण्याची विनंती करावी. आपण सदस्य होतो किंवा स्वतःहून कॉल केला होता, हे लपवू नये. ती माहिती दिल्याने तक्रारदार आरोपी होत नाही. लपवलेली गोष्ट पुढे उघड झाली तर तक्रार मात्र कमकुवत होते.

चित्रण पसरण्याची भीती असेल तर स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग या सेवेवर त्याची डिजिटल खूण तयार करता येते. मूळ चित्र तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. फक्त खूण फेसबुक, इन्स्टाग्राम, ओन्लीफॅन्स यांसारख्या सहभागी प्लॅटफॉर्मकडे जाते. पीडित व्यक्ती चित्रणाच्या वेळी १८ वर्षांखालील असेल तर टेक इट डाउन ही वेगळी सेवा वापरावी.

या काळात मनावर येणारा ताण जीवघेणा ठरू शकतो. घरातील किंवा मित्रांतील एका विश्वासू माणसाला पहिल्याच दिवशी सांगावे, आणि सांगण्यासारखे कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

चित्रण प्रत्यक्ष पसरले असेल तर त्या प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला प्रत्येक दुव्याचा पूर्ण पत्ता देऊन लिहावे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मधील नियम ३(२)(ब) ने पीडित व्यक्तीच्या अशा तक्रारीवर चित्रण काढण्यासाठी मुळात जास्तीत जास्त २४ तासांची मुदत घालून दिली होती. या मुदती दुरुस्तीने बदलतात, म्हणून तक्रारीच्या दिवशी लागू असलेला मजकूर पाहून तोच उद्धृत करावा. ‘माझे फोटो काढा’ एवढेच लिहिलेली, दुवे नसलेली तक्रार सहसा पडून राहते. गूगलच्या शोधातून दुवा काढण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, कारण मूळ संकेतस्थळावरून मजकूर गेला तरी शोधनिकालात त्याची खूण काही काळ उरते. अधिकाऱ्याने उत्तर दिले नाही किंवा नकार दिला, तर केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येते. त्यासाठी मूळ तक्रारीची प्रत, तिची तारीख आणि उत्तर मिळाले असेल तर तेही जोडावे.